मेला सेंबूर

नकाशा राघोत्तमांनीच मागवला होता, ही गोष्ट पुढे घरात कुणी त्यांना विसरू दिली नाही.

त्याचं असं झालं. चेन्नईच्या वेस्ट मांबलममधली ती तीन मजली इमारत पाडून तिथे सहा मजली उभी राहायची होती आणि पुढच्या रविवारच्या आत सगळ्यांनी घरं रिकामी करायची होती. राघोत्तमांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून कपाटं गेली, पलंग गेले, बायकोच्या पश्चात त्यांनी हट्टाने सांभाळलेलं तिचं शिवणाचं मशीनही गेलं. राहिले ते स्वतः राघोत्तम, सहा-सात खोकी आणि देव्हाऱ्यातली तुळजा. निघण्याआधी घरच्यांचं एक जेवण व्हावं म्हणून त्यांनी शहराच्या टोकाच्या आवडी उपनगरातून चुलतभाऊ भीमसेन आणि त्याची बायको कमलिनी यांना बोलावलं, आणि बोलावता बोलावता त्यांच्या नातीला, कीर्तनाला, फोनवर काम लावून दिलं.

"तू भूगोल शिकतेस ना कॉलेजात? मग आपल्या सेंबूरचा जुना नकाशा काढून आण. वेळ्ळक्कारांच्या, मणजे गोऱ्यांच्या वेळचा. फ्रेम करून लावतो. उद्या कुणी विचारलं, वरचं घर मणजे काय, तर बोट ठेवून दाखवता आलं पाह्यजे."

वरचं घर म्हणजे काय, हे खरं तर कुणीच विचारत नव्हतं, कारण ते सगळ्यांना पाठ होतं. कमलिनी एक्केचाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन या घरात आली तेव्हा मीठ कुठे आणि साखर कुठे हे कळायच्या आधी तिला सेंबूर कळलं होतं. तंजावरकडे कावेरीच्या एका फाट्यावर सेंबूर नावाचं गाव. तंजावरच्या मराठा राजाने पूर्वजाला तिथे जमीन दिली. त्याच्या दोन मुलांनी दोन घरं बांधली, थोरल्याने वरच्या सेंबुरात, धाकट्याने खालच्या सेंबुरात. गाव सुटून चार पिढ्या झाल्या, जमिनी गेल्या, घरं गेली, पण राघोत्तम आजही 'वरचे' होते आणि भीमसेन 'खालचे'. तुळजेची मूर्ती वरच्यांकडे. नवमीला पहिलं कुंकू वरच्या घरच्या बाईला, तीर्थ आधी वरच्या घरच्या पुरुषाला. आणि सगळ्यात पक्का नियम असा, की देवी खाली उतरत नाही. म्हणजे खालच्यांच्या घरी ती एका रात्रीपुरतीसुद्धा जायची नाही.

हयात माणसांपैकी कुणीही सेंबूर पाहिलेलं नव्हतं. राघोत्तमांनी तर नाहीच, आणि म्हणूनच त्यांना सांगायला भरपूर होतं. कमलिनीच्या लग्नाच्या वर्षी वरचं घर एका उंचवट्यावर होतं. तिच्या मुलाच्या मुंजीपर्यंत त्याची टेकडी झाली. गेल्या काही वर्षांत तर त्या टेकडीला दगडाच्या अठरा पायऱ्या फुटल्या होत्या, आणि सहाव्या पायरीवर उभं राहिलं की खालच्या घराची कौलं दिसत असत.

"अण्णा, अजून दहा वर्षं सांगत राहा," भीमसेन म्हणायचा, "मणजे बर्फ पडायला लागेल."

कमलिनी हसायची, पण तिच्या हसण्याला एक कोपरा दुखरा होता. तिच्या सासूने, सकवारबाईंनी, आवडीहून ट्रेन बदलत दर नवमीला परडीभर फुलं इथे आणली आणि दुसरं कुंकू लावून घेऊन त्या परत गेल्या. शेवटच्या आजारात त्यांनी सुनेचा हात धरून एवढंच म्हटलं होतं, "कमला, एकदा तिला आपल्या घरी निजव. पण मागू नको हं. मागून आणायची नाही." भीमसेनच्या फॅक्टरीचं क्वार्टर सोडून आवडीलाच स्वतःचं घर बांधलं तेव्हा कमलिनीने देव्हाऱ्यात मधोमध एक छोटा चौरंग ठेवला. त्यावर बावीस वर्षांत काहीही बसलेलं नव्हतं. भीमसेन त्याला रिझर्वेशन म्हणायचा, आणि पाहुण्यांना सांगायचा की तिकीट अजून वेटिंग लिस्टमध्ये आहे.

तर त्याच्या आधीच्या रविवारी सकाळी तिघं मांबलम स्टेशनवर उतरली. कीर्तनाच्या खांद्यावर नकाशाची लांबलचक नळी, कमलिनीच्या हातात फुलांची परडी, आणि भीमसेनच्या हातात डांगराचा डबा. जिन्यातच राघोत्तमांचा मुलगा व्यंकटेश भेटला. तो श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात होता, आणि वडील आता त्याच्याकडे राहायला जायचे होते.

"काकू, बरं झालं लवकर आलात," तो खोकं उचलत म्हणाला. "आज जेवून झालं की देवीची पूजा उरकून घेऊ. उद्या मी लॉकरात ठेवून येतो."

"कुणाला?"

"देवीला. टी. नगरच्या बँकेत आमचं लॉकर आहे ना. नवी बिल्डिंग होईपर्यंत. दोन वर्षांचं तर काम."

कमलिनी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. "लॉकरात दिवा कोण लावणार रे?"

"लॉकरात दिवा लावून देत नाहीत, काकू."

"अन् तुझ्याकडं?"

"आमच्याकडं दोघांच्याही शिफ्ट. शरण्याची कंपनीची बस पहाटे पाच दहाला. अप्पाच बोलले लॉकर मणून. मी नाही."

वर गेल्यावर कमलिनीने राघोत्तमांना वाकून नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "भाऊजी, लॉकर मणे?"

राघोत्तम खिडकीतून खाली रस्त्यावरच्या रिक्षाकडे फार लक्षपूर्वक बघत होते. "सुरक्षित असतं," ते म्हणाले.

ती थांबली. आत्ता ते म्हणतील, 'दोन वर्षं तुझ्याकडे ने.' चार शब्द होते. राघोत्तमांना एरवी चारशे शब्दांचीही कधी चणचण पडली नव्हती, पण हे चार काही निघेनात. आणि तिने मागायचं नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि शरण्याच्या हातातलं वांगं ओढून घेऊन स्वतः चिरायला लागली. व्यंकटेशची बायको शरण्या तमिळ घरातून आलेली, सहा वर्षांत मराठी शिकलेली. वांग्याच्या फोडींचा आकार बघून ती तांदूळ धुवायला वळली.

नकाशा बैठकीच्या खोलीत जमिनीवरच पसरला. खुर्च्या नव्हत्याच. एका कोपऱ्यावर कुंकवाचा करंडा, एकावर डांगराचा डबा, एकावर राघोत्तमांच्या चष्म्याचं घर आणि चौथ्यावर भीमसेन स्वतः बसला.

"शंभर वर्षांपूर्वीची शीट आहे," कीर्तना गुडघ्यांवर रांगत म्हणाली. "एक इंच मणजे एक मैल. हे पिवळं असकं, दिसतं तेवढं सगळं, शेत. निळं आहे ते तळं. ही तुटक रेघ मणजे बैलगाडीची वाट. हे छोटे लाल ठिपके घरं. आणि ही निळी दुहेरी रेघ आपला फाटा."

कमलिनी हात पुसत दारात आली होती. यायचं नाही असं ठरवूनही आली होती. कागदावरचं ते पिवळं रान, त्यात पाण्याच्या निळ्या शिरा, बांधावर ओळीने छापलेली इवली इवली ताडाची झाडं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी उन्हात फिरून हे एकेक झाड मांडलं होतं. तिला वाटलं, सासूबाईंना हे दाखवायला हवं होतं. त्यांनी झाडं मोजली असती.

"टेकडी कोठ आहे?" राघोत्तमांनी विचारलं.

"कसली टेकडी, अज्जा?"

"आपली. वरच्या घराची."

कीर्तनाने आजोबांकडे, मग आजीकडे पाहिलं. "टेकडी असली ना, तर तपकिरी रेघा असतात. कंटूर. पन्नास फूट चढलं की एक रेघ. इथं रेघच नाही."

"सेंबूरजवळ नसेल. जरा बाजूला बघ."

"बाजूलाही नाही. पूर्ण शीटवर एकही नाही. एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत असकं सपाट."

"डोशाच्या तव्यासारखं," भीमसेन कोपऱ्यावरून म्हणाला.

"पन्नास फुटाची नसेल रे," राघोत्तम म्हणाले. "चाळीस-पंचेचाळीसची असेल. गोऱ्यांनी सोडून दिली असेल. तू गाव वाच."

कीर्तनाने नाक कागदाला लावलं. इंग्रजी अक्षरं बारीक होती, आणि तिचं मराठी लिहिण्यावाचण्याच्या वाटेने गेलेलंच नव्हतं. "सापडलं. एम, ई, एल, ए. मेला सेंबूर."

"कोण मेला?" कमलिनीच्या तोंडून निघून गेलं.

व्यंकटेश हातातलं खोकं ठेवून भिंतीला टेकला आणि हसत सुटला. राघोत्तमांनी त्याच्याकडे पाहिलं तसा त्याने तोंडावर हात घेतला, पण खांदे काही थांबेनात.

"आणि त्याच्या शेजारी," कीर्तना उत्साहाने पुढे वाचत होती, "के, आय, एल, ए. किला सेंबूर."

"किल्ला?" भीमसेन उठून उभा राहिला, आणि नकाशाचा तो कोपरा सुर्रकन गुंडाळला गेला. "आमच्याकडं किल्ला होता? अन् चार पिढ्या कुणी बोललं नाही? अण्णा, तुमचं मेला अन् आमचा किल्ला?"

"गप बस, भीमू."

"गप कसा बसू? एक्केचाळीस वर्षं हिनं तुमच्या घरी दुसरं कुंकू लावून घेतलं. किल्ल्याची बाई."

शरण्या पातेल्यातला डाव तसाच हातात धरून बाहेर आली. "मेला इल्ले," ती म्हणाली. "मेल. अन् ते किला नाही, कीळ. मेल मणजे वेस्ट, कीळ मणजे ईस्ट. तंजावरात मेल वीदी आहे ना, राजवाड्याकडं? ती काय वर आहे? ती पश्चिमेची वीदी, पश्चिमेचा रस्ता. असकी तमिळ गावं अशीच की. मेल अमुक, कीळ अमुक."

खाली रस्त्यावर भाजीवाल्याचा भोंगा कोथिंबीर, पुदिना म्हणत निघून गेला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या घरातला प्रत्येक माणूस सकाळी दुधाच्या पिशवीपासून रात्रीच्या बातम्यांपर्यंत तमिळ बोलत होता. राघोत्तमांनी छत्तीस वर्षं तमिळ शाळेत गणित शिकवलं होतं. मेल म्हणजे वर आणि मेल म्हणजे पश्चिमही, हे त्यांना कुणीही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण गावाचं नाव या घरात कधी तमिळमध्ये उच्चारलंच गेलं नव्हतं. कुणा एका पूर्वजाने येताक्षणी मोठ्या हौसेने त्याचं मराठी करून टाकलं, मेलचं वरचं आणि कीळचं खालचं, आणि पुढच्यांनी त्या मराठीवर टेकडी रचली, पायऱ्या बांधल्या आणि वर जाऊन बसले.

"मी बोललं ते चूक की?" शरण्याने नवऱ्याला हळूच विचारलं.

"चूक नाही," व्यंकटेश म्हणाला. "पण अप्पाला जेवायच्या आधी सांगायला नको होतं."

राघोत्तम सावरले. छत्तीस वर्षं वर्गासमोर उभा राहिलेला माणूस, इतक्यात हरणारा नव्हता. "पश्चिम का मेल? कारण पश्चिम उंच आहे मणून. पाणी कोठनं येतं? पश्चिमेकडनं. मणजे आमच्याकडनं तुमच्याकडं. उंच नसतं तर आलं असतं?"

"बरोबर आहे, अज्जा," कीर्तना म्हणाली. "उंची पण छापली आहे. मेलला एकाहत्तर फूट. कीळला सत्तर."

"बघ."

"एक फूट," भीमसेनने हिशोब केला. "मणजे दीड-दोन पायऱ्या. उरलेल्या सोळा कोठ गेल्या, अण्णा?"

"आणि कीळचं नाव मोठ्या अक्षरांत आहे," कीर्तनाने निरागसपणे भर घातली. "माणसं जास्त असली की अक्षर मोठं छापतात."

आता राघोत्तमांना खाली बसावंच लागलं. ते मांडी घालून नकाशाशी बसले, चष्मा कपाळावर सरकवला, आणि अक्षरं मोजायला उजव्या हाताचं बोट पुढे केलं. "हे बघा. हे आमचं मेल. इथं घर. इथनं..."

बोट मेलवर टेकलं आणि तिथून निघालं. निळी रेघ ओलांडून कीळवर गेलं, परत आलं, ताडाच्या झाडांत शिरलं आणि पुन्हा कीळवर गेलं. दोन गावांमध्ये बोटाच्या पेराएवढं अंतर होतं, आणि तेवढ्यात त्या बोटाला थांबता येईना.

"अप्पा, तुम्ही खालच्यांकडं गेलात," व्यंकटेश म्हणाला, आणि या वेळी सगळेच हसले. शरण्यासुद्धा हसली.

कमलिनी हसली नाही. तिने बोट पाहिलं होतं, आणि राघोत्तमांनी तो हात मागे घेऊन नेसलेल्या वेष्टीच्या सोग्यात कसा घाईघाईने लपवला तेही पाहिलं. मग तिला आठवलं की आल्यापासून त्यांनी कॉफी घेतली नव्हती. शरण्याने भरलेला पेला तसाच खिडकीत निवला होता. आणि गेल्या नवमीला कुंकू लावताना त्यांनी ताट पुढे केलं होतं, म्हणाले होते, 'आपापलं लावून घ्या.' तेव्हा तिला त्याचा राग आला होता. आता तर आपापलं, असं ती घरी जाऊन भीमसेनला म्हणाली होती.

"पुरे आता," ती म्हणाली. "भाताचं बघा कुणीतरी. मी देवीचं करते."

देव्हारा आतल्या खोलीत होता, कारण हलवण्यातली ती शेवटची वस्तू. कमलिनीने तुळजेला उचललं. वीतभरही नाही, पंचधातूची, पण हाताला चांगलीच जड. ती चिंच लावून घासायला बसली आणि अंगठ्याला मुकुटाशी काहीतरी लागलं. उजव्या बाजूला मुकुट चेपलेला होता. तिथेच खाली, खांद्यावर, आणखी एक खोक होती. एक्केचाळीस वर्षं ती ही मूर्ती नवमीला पुसत आली होती. खोक नवी होती.

राघोत्तम दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"आडी महिन्यात, आषाढात," ते म्हणाले. "अभिषेक करताना निसटली. साबणासारखी निसटली, कमला. मी बोललो, होतं एखाद्या वेळी. मग परत झालं, पुढच्याच महिन्यात, आवणीत. व्यंकटेशला माहीत नाही. डॉक्टरकडं गेलो होतो एकटाच. ते बोलले, वाढतच जाणार."

कमलिनीने मूर्ती मांडीवर धरली. "मणून लॉकर?"

"तिसऱ्यांदा पाडायची नाही माझ्या हातनं."

"आणि आम्ही कोण, भाऊजी? आमचे हात चालतात ना?"

ते दारातच खाली बसले. "सत्तर वर्षं बोलत आलो, देवी खाली उतरत नाही. तुझी सासू दारात उभी राहून रडली होती एकदा. एका रात्रीपुरती द्या मणून. मी तेव्हा चाळीसचा होतो. मीच हे वाक्य बोललो तिला. आता तिच्या सुनेला कोणत्या तोंडानं सांगू, ने मणून? अन् आज ती पोरगी नकाशा घेऊन आली. मणजे त्या वाक्याला पायापण नव्हता."

कमलिनीला हे माहीत नव्हतं. सकवारबाईंनी मागितलं होतं, आणि मागून नाही मिळालं, म्हणून तिला सांगितलं होतं की मागू नको. तिला एकदम फार राग आला, इतका की चिंचेचा हात तसाच राहिला. समोर बसलेल्या म्हाताऱ्याचा हात सोग्यात दडलेला होता, आणि सोगा हलत होता. राग होता तिथेच राहिला, पण त्याच्याशेजारी दुसरंही काही येऊन बसलं. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती मांबलम स्टेशनवर चुकली होती. तेव्हा तिला शोधायला हाच माणूस तिन्ही फलाटांवर नाव ओरडत फिरला होता, आणि सापडल्यावर म्हणाला होता, खालच्यांना दिशा कळत नाहीत.

दिशा. कमलिनीने मूर्ती धुतली, पुसली, कुंकू लावलं, आणि पदर खोचून बाहेर आली.

"कीर्तना, फोनवर आत्ताचा नकाशा काढ. चेन्नईचा. अन् असकेजण इकडं या. व्यंकटेश, तुझं लॉकर कोठ?"

"टी. नगरला. पनगल पार्कच्या जवळ."

"मणजे इथनं कोणत्या बाजूला?"

"रेल्वेच्या पलीकडं. ईस्ट," कीर्तनाने सांगितलं.

"ईस्ट मणजे काय गं, शरण्या?"

शरण्या हुशार होती. तिने डाव खाली ठेवला. "कीळ," ती म्हणाली.

"मणजे खाली," कमलिनी म्हणाली. "नाही जमायचं. या घराचा नियम आहे, देवी खाली उतरत नाही. भाऊजींनी आयुष्यभर पाळला. मी मोडू देणार नाही. तिला इथनं हलवायचं तर मेलकडंच हलवावं लागेल."

आतल्या खोलीच्या दारात राघोत्तमांनी मान वर केली.

"आज्जी," कीर्तना फोनवर बोट फिरवत म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू दाटलं, "आवडी वेस्टला आहे. नॉर्थ-वेस्ट, पण वेस्टच. आणि उंचीला पण मांबलमपेक्षा जास्त."

"असं?" कमलिनी म्हणाली. तिला हे दर नवमीच्या ट्रेनमधून ऊन कोणत्या खिडकीत येतं त्यावरून पक्कं ठाऊक होतं.

भीमसेन भिंतीशी टेकून बायकोकडे बघत राहिला. फॅक्टरीत चाळीस वर्षं काढलेला तो माणूस, जुळणी बरोबर बसली की त्याला कळायचं.

घोटाळा व्यंकटेशने केला. त्याचा हेतू वाईट नव्हता, त्याला फक्त नकाशा वाचता येत होता. "मग आमचं श्रीपेरुंबुदूर तर त्याच्याही वेस्टला आहे," तो म्हणाला. "एकदम मेल. वरच्यांची देवी वरच्यांकडंच राहील. काय अप्पा?"

हे कमलिनीने धरलंच नव्हतं. शरण्याने नवऱ्याकडे असं पाहिलं, की तो बिचारा पुन्हा खोकं शोधायला लागला.

"आपल्याकडं?" शरण्या म्हणाली. "पहाटे पाच दहाच्या बसच्या आधी अभिषेक तुम्ही करणार? की देवीला पण पंचिंग कार्ड काढायचं?"

"मी आपलं नकाशाप्रमाणे बोललो," व्यंकटेश पुटपुटला.

सगळ्यांनी राघोत्तमांकडे पाहिलं. शेवटी बोलायचं त्यांनीच होतं. तुळजा अजून त्यांचीच होती. देव्हाऱ्यातला तो रिकामा चौरंग, बावीस वर्षं दर शुक्रवारी पुसलेला, कमलिनीच्या डोळ्यांपुढे आला.

राघोत्तम उठले. नकाशाजवळ आले, पण बोट ठेवलं नाही. नुसतं बघितलं. ते पिवळं सपाट रान, त्यात एका फुटाने वर असलेलं त्यांचं गाव.

"श्रीपेरुंबुदूर फार वर आहे," ते म्हणाले. "या वयात तिला एवढं चढवत नाही. आवडीपर्यंत जाऊ दे." मग घसा खाकरून, "कमला, दोन वर्षांकरता नाही बोलत मी. तिथंच राहू दे. अन् काकूंना... सकवारबाईंना बोललो होतो मी एकदा. ते चुकलं माझं. त्यांच्या फोटोसमोर सांग."

"तुम्हीच येऊन सांगा," कमलिनी म्हणाली. डोळे पुसायला तिने पदर घेतला तर त्याला चिंच लागलेली. मग ती चिंचेमुळेच रडते आहे असं सगळ्यांनी धरलं.

"मणजे रिझर्वेशन कन्फर्म," भीमसेन म्हणाला.

पूजा उरकली, वांगीभात थोडा करपला होता ते कुणी बोलून दाखवलं नाही. पानं मांडायच्या आधी तीर्थ द्यायचं होतं. देवी ज्यांची, त्यांनी ते द्यायचं. भीमसेनने पळी उचलली, आणि बायकोच्या हातात दिली. "किल्ल्याची बाई देईल," तो म्हणाला.

रिवाजाप्रमाणे आधी आता कुणाला, यावर एक क्षण सगळे घुटमळले. राघोत्तम गुपचूप बाजूला सरकले आणि व्यंकटेशच्या मागे, ओळीच्या शेवटी जाऊन उभे राहिले. आयुष्यात ते पहिल्यांदाच त्या जागी उभे होते, आणि तिथे नेमकं कसं उभं राहायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. हात कुठे ठेवायचे हेही कळेना.

कमलिनीने भीमसेनला दिलं, कीर्तनाला दिलं, शरण्याला, व्यंकटेशला. मग ती राघोत्तमांसमोर आली. त्यांनी नाइलाजाने सोग्यातून उजवा हात काढला आणि ओंजळ केली. हात थरथरत होता. आता तो सगळ्यांनीच पाहिला. व्यंकटेशच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं आणि तो एक पाऊल पुढे आला.

पण कमलिनीने आधीच आपला डावा तळवा त्यांच्या तळव्याखाली धरला होता. थरथर तिच्या हातात उतरली आणि हळूहळू थांबली. तिने पळी रिकामी केली. एक थेंबही सांडला नाही.

राघोत्तमांनी त्या दोन हातांकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बघ कमला," ते म्हणाले, "अजून वर मीच आहे."

"वरच आहात, भाऊजी," ती म्हणाली. "तीर्थ घ्या."